मोरपाणी राज्यातली मजुरी

टोकावड्याच्या आसपासचे शेतकरी गुणाबाईबद्दल एकच सांगत: बाई आवणीला संथ, पण ती असली की काम लवकर उरकतं. आवणीत भाताची रोपं लावता लावता गुणाबाई गोष्ट सांगायची. गोष्ट रंगात आली की तिचा स्वतःचा हात थांबायचा खरा, पण बाकीच्या दहा जणी पाणी प्यायला किंवा तंबाखू मळायला बांधावर जायचं नाव काढत नसत. त्यामुळे बारा खाचरांचा मालक पंढरी जूनमध्येच तिच्या पाड्यावर निरोप धाडून तिला बांधून ठेवायचा. आपल्याला का बोलावतात हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

गोष्ट नेहमी एकाच राज्याची असायची. त्याचं नाव मोरपाणी. तिथली राणी सुपात बसून उडायची, विहिरींना ताक लागायचं आणि पलीकडच्या डोंगरावर सात शेंड्यांचा राक्षस राहायचा. हे सगळं गुणाबाईने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं होतं, आणि वीस वर्षांत त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

शहाण्णव सालच्या आवणीला सावळी आली. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर चार महिने काढून आली होती. तिथे हजार विटांमागे पैसे मिळायचे, त्यामुळे तिला मोजायची सवय लागली होती. गुणाबाईने राणीच्या महालाचं वर्णन लावलं होतं. तीनशे बाया रोज महाल सारवतात, असं ती म्हणाली, तेव्हा सावळीने खाली वाकूनच विचारलं, "त्यांना रोज काय देतात गो?"

गुणाबाईला प्रश्न आवडला नाही, पण राज्य आपलं आहे म्हटल्यावर उत्तर आपल्याकडे असायलाच हवं. एक मोहोर, असं तिने ठोकून दिलं. मग सावळीने तिथला तांदळाचा भाव विचारला. घाईत गुणाबाईच्या तोंडून निघून गेलं, पाव मोहोरेला पायली.

खाचरातल्या बाया मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. हात थांबले. त्या वर्षी टोकावड्याच्या बाजारात पायलीभर तांदळाला पंचवीस रुपये पडत होते आणि आवणीची मजुरी पंचवीसच होती. म्हणजे इथे दिवसभर वाकून एक पायली, आणि तिथे नुसतं सारवून चार.

बांधावर छत्री घेऊन बसलेला पंढरी हे ऐकत होता. बायांचे हात थांबलेले पाहून तो चप्पल काढून चिखलात उतरला. असं राज्य चालूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. घरोघरी मोहोरा झाल्या तर वाणी काय मूर्ख आहे? तो लगेच भाव चढवील आणि पायली मोहोरेला विकील.

गुणाबाईने गोष्ट तिथेच सोडली. उरलेल्या मुठी लावून ती घरी निघाली. पंढरीचं बोलणं तिला पटलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता. वीस वर्षं आपण ज्या राज्याचे धनी, तिथला वाणी कसा वागेल हे या माणसाने आपल्याला सांगावं?

दुसऱ्या दिवशी रोपांची पहिली मूठ सोडतानाच तिने सुरुवात केली. वाण्याने खरंच भाव चढवला होता. पायली मोहोरेला झाली होती. म्हणून तीनशे बाया महालासमोर जाऊन बसल्या होत्या आणि राजाला म्हणत होत्या: मोहोर तुझी तुला ठेव, आम्हाला तांदूळच दे, दिवसाला दोन पायल्या.

पंढरी आज छत्री मिटूनच जवळ उभा होता. त्याने राजाची बाजू घेतली. राजाला बैल पोसावे लागतात, खताच्या गोणीचा भाव दर वर्षी वाढतो, राजाने आणायचं कुठून? गुणाबाईने खताची गोणी मान्य केली. मोरपाण्यात खत म्हणजे राक्षसाची लीद, आणि ती एकट्या राक्षसाकडेच मिळते, त्यामुळे महाग आहे खरी. पण याच राक्षसाचीही शेती आहे, आणि तो आवणीच्या बायांना दोन पायल्या देतो, वर दुपारचं जेवण.

"आणि तो बाया खातो ना?" पंढरीने विचारलं.

"खातो की," गुणाबाई म्हणाली. "पण वर्षातनं एकीलाच. मजुरी रोज देतो."

बाया हसल्या, सावळी तर हसता हसता चिखलात बसली. पंढरीला मात्र लागलं. तो काही वाईट माणूस नव्हता. पैसे वेळेवर द्यायचा, कुणाला आडवंतिडवं बोलायचा नाही. राक्षसापेक्षाही खालच्या पायरीवर आपली गणना व्हावी, हे त्याला सहन होईना. शेवटी तो म्हणाला, "राजा सव्वा पायली देईल. पण राक्षसाकडे जायचं नाय."

"जेवणाचं काय?" सावळीने विचारलं.

पंढरीने तोंड उघडायच्या आत त्याची बायको भागी बांधावरून बोलली. ती डोक्यावर पाटी घेऊन नुकतीच येऊन उभी राहिली होती आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला होता. "जेवण राणी देईल," ती म्हणाली. "राणीला कुणी इचारलंच नाय."

काम पुन्हा सुरू झालं. आपण नुसती गोष्टीतली तडजोड केली, अशा समजुतीत पंढरी होता. संध्याकाळी बाया ओळीने उभ्या राहिल्या आणि सावळीने सव्वा पायलीचे सव्वाएकतीस रुपये होतात, असं हिशेबासकट सांगितलं. पंढरीने गुणाबाईकडे पाहिलं. गुणाबाईने पदराने पाय पुसायला घेतले. शेवटी सव्वा रुपया सोडून तीसवर मिटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भागी अकरा जणींच्या भाकऱ्या घेऊन येऊ लागली.

आठ दिवसांत ही बातमी बांधाबांधाने फिरली. इतर शेतकरी पंढरीच्या ओटीवर येऊन तावातावाने भांडले. मजुरी वाढवायची तर चार जणांना विचारायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. पंढरीने शांतपणे सांगितलं, "मी कुठं वाढवली? राजानं वाढवली."

पुढे चार जागी गुणाबाईला बोलावणं आलं ते अटीवर: गोष्ट फक्त जनावरांची सांगायची. तिने कोल्ह्याची गोष्ट लावली. कोल्हा सिंहाकडे चाकरीला राहिला, एवढं म्हणेपर्यंत बायांनी माना वर केल्या. मग मालकांनी नाद सोडला आणि तीस रुपये कबूल केले.

दिवस सरले. पाड्यावरच्या तरण्या मुली मुरबाडच्या कारखान्यांत जाऊ लागल्या आणि आवणीला बाया मिळेनाशा झाल्या. मजुरी शंभराकडे सरकली. दोन हजार सातच्या जुलैत गुणाबाई खाचरात उतरली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. कंबर वाकत नव्हती. ती घरी निघालेली पाहून पंढरीने तिला अडवलं. बांधावर बस, नुसती बोल, मजुरी पुरी घे, असं तो म्हणाला.

बोलण्याचे पैसे तिला आजवर कुणी दिले नव्हते. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तिने अर्धीच घेईन म्हणून सांगितलं, पंढरी पुरीच देईन म्हणाला, आणि दोघांची त्यावर चांगली जुंपली. खाचरातल्या बाया मध्ये पडल्या तेव्हा कुठे पुरी ठरली.

ती बांधावर बसली. बायांनी कान दिले. पण हात मांडीवर रिकामे पडलेले, आणि तोंडातून शब्द निघेना. राणी सुपात बसली, एवढं सांगून ती अडकली. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबली. पंढरीला वाटलं, म्हातारीला बरं नाही.

"पंढरीदादा," ती म्हणाली, "हातात कायतरी द्या."

पंढरीने रोपांच्या मुठी तिच्यापुढे आणून टाकल्या. गुणाबाई एकेका मुठीचा बंद सोडून खाली बायांकडे फेकू लागली. तिसऱ्या मुठीला राणीचं सूप उडालं.