बोडीतलं चौपट

सावली तालुक्यात मत्स्यबीजाच्या कामावर लागून मला जेमतेम एक पावसाळा झाला होता. माझ्याकडच्या एका गावात मासेमारी करणारी ढिवर कुटुंबं गावतलावात मासे सोडत. हे लोक दरवर्षी इवलाली जिरी, म्हणजे माशांची पिल्लं, आणून थेट मोठ्या तलावात ओतायचे आणि त्यातली बरीचशी मोठे मासे गट्ट करायचे. मी त्यांना म्हटलं, यंदा आधी बाजूच्या बोडीत ठेवा, खायला कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, घाला, दोन महिन्यांनी तलावात सोडा. बोडी म्हणजे शेताकडेचं लहानसं तळं. बहुतेकांना हे पटलं नव्हतं. एका म्हाताऱ्या भाऊंनी मात्र स्वतःची बोडी दिली.

दोन महिने होत आले तेव्हा एका सकाळी त्यांचा फोन आला. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता.

"बाई, बोडीतलं सारं चौपट झालं. तुमी येऊन पाहा."

मी काही विचारायच्या आत फोन कटला आणि पुन्हा लागलाच नाही.

आमचं घर चंद्रपूरचं. बोलणं हिंदी, शाळा मराठी. शाळेत मी दुप्पट, तिप्पट, चौपट शिकले होते. पण घरात चौपट म्हणजे सत्यानाश. दूध नासलं की अम्मी म्हणायची, सब चौपट हो गया. घाबरल्यावर मला घरचाच अर्थ ऐकू आला. बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली, मासे वाहून गेले, आणि हे माझ्या सांगण्यावरून झालं, एवढंच डोक्यात होतं. स्कूटी चालवताना मी माफीची वाक्यं जुळवत होते.

पाळ शाबूत होती. भाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या घरच्या बाई फेकजाळं ओढत होत्या.

"कुठी फुटली?" मी विचारलं.

"काय फुटली?"

"पाळ. तुम्हीच म्हणाले ना, चौपट झालं."

मग भाऊंनी जाळ्यातला एक मासा काढला आणि त्याच्या अंगाला आपली चार बोटं आडवी लावली. "आणलं तवा एका आडव्या बोटाएवढं होतं. आता मोजा. एक, दोन, तीन, चार. काऊन घाबरल्या तुमी?"

मी पाळीवरच बसले. त्यांना घरचा अर्थ सांगितला. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "तसंबी म्हणतो आमी. पावसानं धान पडलं, तर चौपट झालं म्हणतो. समोरच्याले तोंड पाहून समजते. फोनात तोंड कुठी दिसते?"

म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मला याचं फार नवल वाटलं. मी त्यांच्या हातातला मासा तळव्यावर घेतला. तो चांगलाच जड लागला.

"भाऊ, हा नुसता चौपट नाही."

"असं कसं? चार बोटं तर आहे."

"लांबी चौपट. पण तो रुंदही झाला, जाडही झाला. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. वजन चौसष्टपट."

त्यांनी मासा परत घेतला, वर-खाली करून अंदाज घेतला. "म्हणूनच ढेप पुरून नाई राह्यली," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी घरी गेले तेव्हा अब्बा अंगणात दाराला रंधा मारत होते. ते सुतार आहेत. मी त्यांना विचारलं, आपण बरबादीला चौपट का म्हणतो? त्यांनी रंधा बाजूला ठेवला.

"पट म्हणजे दरवाजाची फळी. चारों पट खुले, तो घर में क्या बचेगा?"

"आणि मराठीत चारपट?"

"ते तू सांग. शाळेत तू गेली होतीस."

पटीतला पट कुठून आला, तो दाराच्या पटाचा कोणी लागतो का, हे मी पुढे दोन शिक्षकांना विचारलं. दोघांची उत्तरं वेगळी निघाली आणि माझं समाधान एकानंही झालं नाही. एक झालं, लोकांच्या बोलण्याकडे कान लागला. माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत राहणारी माझी बहीण तर चौपट शब्द वाढीसाठी कधीच वापरत नाही. तिच्याकडे सरळ 'चार गुना'.

बोडीवरच्या त्या सकाळनंतर आठवड्याभरात मासे तलावात सोडायचं ठरलं. ज्यांना पटलं नव्हतं तेही पाण्याचे गुंड आणि घमेली घेऊन आले. त्यातल्या एका माणसाने घमेल्यात हात घालून मासा बोटांनी मोजला आणि पुढच्याकडे दिला. बाई पाण्यात उतरल्या, घमेलं हळूच कलतं केलं. मासे जरा वेळ कडेलाच घोटाळले, मग खोल पाण्याकडे निघून गेले.

"पुढच्या वर्षी माझीबी बोडी घ्या," तो माणूस मला म्हणाला, आणि रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घालून उन्हातून गावाकडे चालू लागला.