न उडणारा घोडा

लाकूडकामाच्या कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. होते साधे सुतार. चाळीस वर्षं बागांमधल्या मेरी-गो-राउंडचे घोडे घडवण्यात गेली. पण खऱ्या घोड्याच्या खांद्यावरून हात फिरवल्याशिवाय ते पटाशी उचलत नसत. हाड कुठून कुठं जातं हे ठाऊक नसताना लाकूड तासायचं म्हणजे त्यांच्या मते शुद्ध थापेबाजी.

आणि अशा माणसाला मालक म्हणाले, "डॉक्टर, यंदा पंखांचा घोडा हवा."

झालं! पंख बसवायचे कुठं? पाखराचे पंख म्हणजे त्याचे पुढचे पायच, हे डॉक्टरांनी हाडं चाचपून पाहिलेलं. चार पाय आणि वर दोन पंख, हा कुठला न्याय? शेवटी त्यांनी घोड्याचे पुढचे पाय रद्द केले आणि त्यांच्या जागी पंख लावले.

मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा तोंडावर आपटेल!"

"मधून चक्राचा दांडा जातोय ना, आपटतोय कसला?"

खरी पंचाईत वेगळीच होती. सहा वर्षांची नात शाळेतून थेट कारखान्यात यायची, भुश्शात फतकल मारून बसायची आणि रोज एकच विचारायची, "आजोबा, हा खरंच उडेल?" झोपाळ्यावरून पडल्यापासून पोरगी कशावर म्हणून बसली नव्हती. आता कुठं या घोड्यात तिचं मन रमलेलं. नाही म्हणावं तर ती हिरमुसणार, हो म्हणावं तर जीभ रेटेना. "रंग वाळू दे, मग सांगतो," असं म्हणत डॉक्टर वेळ मारून नेत.

घोडा बागेत बसवला त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. आता रंगही वाळला होता. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि तिचा हात त्यांनी घोड्याच्या छातीवर ठेवला.

"नाही गं बाई. एवढं धूड उचलायला छाती दरवाजाएवढी हवी. पिढ्यान्‌पिढ्या अंग हलकं होत जायला हवं, हाडं पोकळ व्हायला हवीत. तेवढं झालं तर तो घोडाच उरायचा नाही. हा कधीच उडणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

नातीनं केवढा तरी सुस्कारा सोडला आणि दोन्ही हात वर केले.

"मग बसवा ना मला! उडाला असता तर मी पडले नसते का?"