डोळे मिटून ड्रिल

आमच्या घाटंजीच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांइतका माणसाच्या मनावर विश्वास टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक देवावरही इतका टाकत नाहीत. एकोणीसशे साठच्या सुमारास ते शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आले, ते एक सिद्धान्त घेऊनच. कुठलंही कौशल्य आधी मनात बसतं, मग अंगात उतरतं. तेव्हा शिकवायचं ते मनाला, हातपाय आपोआप मागून येतात, हे ते कोणालाही कुठेही अडवून सांगत. मी भूगोल शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो, त्यामुळे माझी सुटका नव्हती. बाजाराच्या दिवशी वांगी निवडता निवडता ते मला पोहण्याचे हात समजावत, आणि वांगीवाली तोंडाला पदर लावून हसत असे.

त्यांचा तास कडुनिंबाखाली भरे. मुलं मांडी घालून, डोळे मिटून बसलेली आणि मास्तर हलक्या आवाजात सांगताहेत, "धावा... फळीवर पाय... आता लांब उडी!" एकदा हेडमास्तर तिथून चालले होते. अख्खा वर्ग झोपलेला पाहून त्यांचा पारा चढला. "हे काय चाललंय?" मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला साहेब. पोरं हवेत हायेत." उमरखेडच्या कबड्डी सामन्यात तर आमच्या पोरांनी कमालच केली. समोरचा गडी चढाईला आला की पकड आधी मनात आणायची म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले, आणि तो गडी एकेकाला हात लावून आरामात परत गेला. परतीच्या एसटीत मी धुमसत होतो, मास्तर मात्र खुशीत. "पकड मनात बसली न भाऊ! आता अंगात उतरालेच काय तो टाइम हाय."

सिद्धान्त खरा ठरलेला मी एकदाच पाहिला, वहिनींच्या बाबतीत. बायकोला सायकल शिकवायची म्हणून मास्तरांनी तिला अख्खा उन्हाळा ओट्यावर पाटावर बसवलं. डोळे मिटलेले, हँडल म्हणून हातात सूप. "मार पायडल. वळण आलं, घंटी वाजव!" वहिनी वैतागून म्हणत, "घंटी राहू द्या, तिकडं भाकर करपून राह्यली." पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या खरोखरच्या सायकलवर बसल्या आणि न पडता नदीपर्यंत जाऊन आल्या. गावात बाईमाणूस सायकलवर, म्हणून आळीभर कुजबुज झाली. मास्तर भर रस्त्यात उभे राहून रडत होते.

पुढे मास्तरांना लकवा झाला. उजवी बाजू पार गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना घरी आणलं. मी भेटायला गेलो तर ते डोळे मिटून पडलेले. झोपलेत असं समजून मी परत फिरू लागलो.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते मैदानावर चालले हायेत."

खाटेच्या पायथ्याशी बसून त्या अगदी मास्तरांच्याच सुरात सांगत होत्या, "उजवा पाय उचला... टाका. आता डावा. शाळेचं फाटक आलं, जपून." मास्तरांच्या कपाळावर घाम डवरला होता. आपल्या पायांनी एकदा मैदानावर जायचं आणि शिट्टी वाजवायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती; शिट्टी उशाशीच ठेवलेली असे. मला पाहून ते वाकड्या तोंडानं म्हणाले, "मनात... बसलं भाऊ. आता... उतरते." जन्मभर ज्या सिद्धान्ताची मी टिंगल केली, तो आणखी एकदा खरा व्हावा असं मला फार वाटत होतं. रोज जाऊन मी त्यांच्या उजव्या पावलाकडे बघत बसे. ते कधीच हललं नाही.

मास्तर गेले त्या सकाळी सगळी आळी अंगणात जमली. वहिनी पायथ्याशीच होत्या, त्यांचं सांगणं थांबलेलं नव्हतं. कोणा बाईनं त्यांना खांद्याला धरून उठवायला घेतलं, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"थांबा जरा. फाटकापाशी आले हायेत ते. तेवढं मैदानावर पोचू द्या."

आम्ही सगळे थांबलो. हेडमास्तरही टोपी काढून उभे राहिले. वहिनी पार मैदानापर्यंत एकेक पाऊल सांगत गेल्या. उशाची शिट्टी त्यांनी उचलून ओठांना लावली, पण ती काही वाजली नाही.