रोशन वाचायचा, दादा खेळायचा

लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंचं माझ्या भावाला, सूरजला, भारी वेड. सिंदी मेघे गावात त्याचं कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, पण दुकानामागच्या खोलीत फळीवर जे मांडलंय ते कोणी दुरुस्तीला आणलेलं नाही. एक जुनं सेगा, एक प्लेस्टेशन टू, काच तडकलेला एक गेमबॉय, ही व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं, आणि त्यांचे अकरा गेम. अकराही असे, की गेमवेड्या पोरांनीसुद्धा त्यांची नावं ऐकलेली नाहीत. जुन्या मालाच्या दुकानात गाड्यांचे आणि मारामारीचे गेम हातोहात जायचे, हे तळाशी पडून राहायचे. कारण यांत वाचावं लागतं. गावोगाव फिरा, भेटेल त्याच्याशी बोला, आपल्या टोळीतली माणसं जपा, आणि हे सगळं इंग्रजीत.

दादा दहावीला इंग्रजीत दोनदा आपटला. म्हणजे चणे होते, दात नव्हते. दात म्हणजे रोशन, आमच्या शेजारचा, इंग्रजी शाळेत जाणारा. दर रविवारी दुपारी दादा बटणं दाबायचा आणि रोशन पडद्यावरचं वाचून आपल्या बोलीत सांगायचा. एकाशिवाय दुसऱ्यानं पाऊल पुढे टाकायचं नाही, असा त्यांचा नियम. मी तेव्हा तेरा वर्षांची, भिंतीला टेकून ऐकत बसायची. रोशनच्या तोंडी गेममधला राजा आमच्या गल्लीतल्या सरपंचासारखा कुरकुरायचा आणि आम्ही हसून लोळायचो. त्याच्या चहात मी साखर जास्त घालायची. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

मग बाबा गेले. हिंगणीकडच्या जंगलात ते वनमजूर होते. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत संपले. दादा वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला तो कंदिलवाल्यांचा गेम मिळाला. त्यात टोळीच्या पुढे कंदील घेऊन चालणारा एक म्हातारा होता, आणि माणसांची नावं आपणच ठेवायची होती. दादानं कोणाला न विचारता त्याला बाबांचं नाव दिलं. पुनाजी. इंग्रजीत सहाच अक्षरं चालत होती, ती बरोबर बसली.

चार महिने पुनाजी आमच्या घरात चालत होता. चांगली ढाल मिळाली की दादा आधी त्याला द्यायचा. लढाईत कोणीही जखमी होवो, औषधाचा पहिला घोट पुनाजीला. आई, जिला आयुष्यात टीव्हीचं बटण कळलं नाही, ती भाकरी थापता थापता विचारायची, "बुढा कुठपर्यंत आला रे?"

एका रविवारी टोळी एका पुलावर पोचली. मागून शत्रू आलेला. पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि गेम थांबून राहिला.

"काय म्हणते?" दादानं विचारलं.

"काई नाई. वरचं दाब," रोशन म्हणाला.

दादानं दाबलं. बाकीचे पूल ओलांडून गेले, पुनाजी एकटा मागे थांबला, आणि त्याचा कंदील विझला. तासाभरात गेमही संपला. दादा हुंदके देऊन रडला, मीही रडले. "गेममंधीबी नाई वाचला," तो एवढंच म्हणाला. रोशन त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. बाबांचं मरण आम्ही नशीब म्हणून गिळलं होतं, हेही तसंच गिळलं. दुसऱ्या दिवशी रोशन कॉलेजच्या अॅडमिशनसाठी नागपूरला गेला, पुढे पुण्याला नोकरीला.

या दिवाळीत मी माहेरी आले तर दादा तोच गेम पुन्हा लावून बसलेला. हातात फोन. कॅमेरा पडद्यासमोर धरला की फोन मराठी करून दाखवतो. ती मराठी म्हणजे सरकारी नोटीसच. "कृपया आपले प्रकाशपात्र धारण करा." आम्ही दोघं हसत होतो. दादाला इतकं खूश मी फार दिवसांनी पाहिलं. चौतिसाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा स्वतः वाचत होता.

तिसऱ्या दिवशी टोळी पुलावर आली. दादानं फोन धरला, बराच वेळ धरूनच ठेवला, मग मला हाक मारली. "रक्षा, तू इंग्रजीत पाह्य बरं. हा फोन चुकते कधीकधी."

त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, चुकलेलाच असू दे. मी वाचलं. वरची ओळ होती, 'म्हाताऱ्याला मागे सोडा.' खालची होती, 'सगळे परत फिरा.' फोन चुकला नव्हता.

रोशन दिवाळीला आलेलाच होता. दादानं बोलावलं तसा पेढे घेऊन आला आणि जुन्या सवयीनं टीव्हीसमोर बसला. पडद्यावर पूल पाहून हसला.

"अबे, हे अजून चालते?"

"इथं दोन रस्ते होते काय?" दादानं विचारलं.

"होते न. दुसरा लय लंबा होता. बुढ्याले घेऊन, लढत लढत, पूर्ण जंगल वापस फिरा लागत होतं. मले दुसऱ्या दिवशी नागपूरले जायचं होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तू वापसच गेला असता."

मला वाटलं होतं, तो विसरला असेल, घाईत वाचायचं राहिलं असेल. तसं काही नव्हतं. दादा काय म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी काहीबाही बोलणार होते, पण दादानं हातानं थांबवलं. उठून त्यानं फळीवरचा एक गेम काढला आणि रोशनपुढे धरला.

"याच्यात?"

"अरे, याच्यात काई नव्हतं."

दुसरा धरला. "याच्यात? ते टोळीतली पोरगी माहेरी गेलती म्हणून सांगतलं होतं तू."

रोशन पेढ्यांचा डबा उघडून पुढे करू लागला. दादानं तिसरा धरला, मग चौथा.

"सूरज, गेमच त होते बे. चौदा वर्षं झाली. मले आता काईच आठवत नाई."

"तुले नाई आठवत," दादा म्हणाला. "मले तर तू सांगतलं तेवढंच आठवते."