आठ पाय दिसले की कोळीच?

राव, दुपारपासून मन खातंय.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आज शिफ्ट सुटून घरी आलो, तर बाथरूमच्या ओल्या भिंतीवर लांबलचक पायांचा कोळी. दिसताक्षणी चप्पल हाणली. तो निसटून वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, पण तुटलेला पाय फरशीवर थरथरत राहिला.

बायको झूलॉजी शिकलेली. म्हणाली, "अहो, हा कोळी नव्हेच. कोळ्याला मध्ये बारीक कंबर असते. याचं अंग अख्खं एक. याला जाळं नाही, विष नाही. वर्ग कोळ्याचाच, पण गण वेगळा. जीव वाचवायला स्वतःच पाय सोडून देतो."

"परत उगवतो ना?"

"नाही."

कंपनीत गेज लावून माप तपासल्याशिवाय मी एक पीस रिजेक्ट करत नाही. तिथं पीस चुकलाच तर दुरुस्तीला रिवर्क असतं. याच्या पायाला रिवर्क कुठून आणू, सांगा?