ऑपरेशननंतरचं स्थळ

पस्तिशी गाठली तरी माझं लग्न झालं नव्हतं. खरं कारण फक्त अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, ठाऊक होतं. हत्तीरोगानं माझी अंडकोषाची पिशवी सुजून नारळाएवढी झाली होती. कातडी जाड, खरबरीत. सतत पाणी झिरपायचं. धारवाडजवळच्या आमच्या गावात, अळणावरच्या शाळेत मी लांब झब्बा घालून शिकवायचो, आणि मुलं वर्गाबाहेर गेल्याशिवाय खुर्चीतून उठायचो नाही.

शेवटी अण्णाच मला हुबळीला, देशपांडे नगरातल्या सर्जनकडे घेऊन गेला. बिघडलेली कातडी काढून मांडीच्या कातडीनं नवी पिशवी करायची, असं सर्जन म्हणाले.

"आणि लग्नाचं, डॉक्टर?" अण्णानंच विचारलं.

"आतले अंडकोष चांगले आहेत. जखम भरली की खुशाल करा."

दवाखान्यात लघवीची पिशवी अण्णाच रिकामी करायचा. मांडी आग आग करायला लागली की फुंकर घालत बसायचा. त्याच्यापुढे मला कसली लाज वाटली नाही.

बरा झालो, पँट-शर्टात शाळेत जायला लागलो, आणि धारवाडच्या सप्तापुरातलं एक स्थळ आलं. मुलगी बालवाडीत शिकवायची. लग्नानंतर धारवाडातच राहायचं, एवढीच तिची अट. मला ती आवडली. पुढच्या भेटीत ऑपरेशनचं सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. पण ती भेट झालीच नाही. "त्यांनी दुसरीकडे जमवलं," अण्णा म्हणाला.

काही महिन्यांनी धारवाडच्या बाजारात तिचे वडील भेटले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुमच्या अण्णांचे उपकार आहेत हो. तुम्हाला मूल होणार नाही, हे आपणहून सांगायला आले. असं कोण सांगतं आजकाल?"

 सरळ घरी आलो. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, अर्धं अंग लुळं आहे. अण्णा त्यांना पेज भरवत होता.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले ना?"

त्यानं वर बघितलं नाही. "तू धारवाडला गेल्यावर अप्पांना मी एकट्यानं कसं उचलायचं?"

"हे मला सांगायचंस. थांबलो असतो मी."

त्यानं अप्पांची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.

त्या मुलीचं लग्न झालं. अप्पांना आजही आम्ही दोघं मिळूनच उचलतो, दोन बाजूंनी, न बोलता. सूज परत आलेली नाही. तपासणीला हुबळीला मी एकटाच जातो.