ऑपरेशनचा आराम

बाळांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण निमित्त ताईचं आहे. मागच्या आठवड्यात फोनवर ती म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी विचारलं की कायमचा उपाय हवा की तात्पुरता, आणि मला ठरवताच येईना. मला दुसरं मूल नकोय हे पक्कं आहे. मग अडकतंय कुठे?" स्वतःच्याच मनाची तिला लाज वाटत होती. अशा गोष्टी मला लिहूनच नीट सांगता येतात, म्हणून लिहिते. आणि दादा, तूही वाच. हा फक्त बायकांचा विषय नाही.

माझा भाऊ आमच्या गावी, कापड्याला राहायचा. तो गेल्यावर घर वहिनीच सांभाळते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, टेंपो चालवतो. त्याला दोन मुलं, एक मुलगी आणि एक मुलगा. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा घरात ठरलं की आता भाचेसुनेचं ऑपरेशन करून घ्यायचं. आमच्याकडे नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं तरी कुठलं ते सगळ्यांना कळतं.

भाचा म्हणाला होता, "माझंच करू या, पुरुषांचं सोपं असतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या." वहिनीने त्याला तिथेच थांबवलं. "पोती उचलतोस तू. ताकद गेली तर टेंपो काय मी चालवू?" पुरुषाची ताकद जात नाही, हे मी दोघांना समजावून सांगितलं. दोघांनी मान डोलावली आणि दोघांनाही ते पटलं नाही.

ऑपरेशन आमच्याकडे भातझोडणी उरकल्यावर करतात. त्याचं कारण डॉक्टरी नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला बाळंतिणीसारखं जपतात. तिने हंडा उचलायचा नाही, भारे वाहायचे नाहीत, गार पाण्यात हात घालायचा नाही. शेतात काम असताना हे कुणाला परवडणार? म्हणून भात घरात आलं की ऑपरेशनं सुरू होतात.

दवाखाना इथे महाडला, म्हणून भाचेसून आदल्या दिवशीच माझ्याकडे आली. वहिनीने तिच्यासोबत हळिवाच्या लाडवांचा डबा पाठवला होता, काठोकाठ भरलेला. भाच्याने भाडी नाकारून सुट्टी घेतली होती. मुलांना सांभाळायला तिची आई माहेरून कापड्याला येऊन राहिली होती. मीही मागच्या खोलीत गादी घातली, औषधांच्या वेळा ठरवल्या, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. मला असं सगळं आधी मांडून ठेवायला आवडतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

दुपारी ती माझ्यासमोर तांदूळ निवडायला बसली. सूप मांडीवर होतं, पण हात हलत नव्हते. भीती वाटते का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. दुखण्याचं काही वाटत नाही, दोन बाळंतपणं झालीत. आणखी मूल हवंय का? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न वेडगळ वाटला.

"पोर नको हाय मला, आत्या. पन व्हनारच नाय, असं नको."

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वाक्यातला विरोध दिसला की माझ्या हातात लाल पेन यायचं. मी म्हटलं, अगं, दोन्हीचा अर्थ एकच झाला ना?

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "आमची वरची वरकस जमीन हाय ना, डोंगराच्या उतारावरची. मी लग्न होऊन आले तवापासून कोनी तिथं नाचनी टाकली नाय. यापुढंबी कोनी टाकनार नाय. मुंबईचा मानूस इकत मागायला आला होता. आत्यांनी पानी देऊन परत लावला." वहिनीलाही ती आत्याच म्हणते. "पेरत नाय म्हनून इकायची का?"

मला माझी ट्रंक आठवली. माझं स्वतःचं ऑपरेशन तुमच्या आईच्या जन्मानंतर झालं. मला ते हवंच होतं, त्याचा पश्चात्ताप मला कधीही झाला नाही. तरी पुढे कधीतरी ट्रंकेतली दुपटी वाटून टाकताना मी एक दुपटं मागे ठेवलं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

मी विचारलं, हे घरी का नाही बोललीस? तेव्हा खरं ते बाहेर आलं. तिच्यावर कुणी सक्ती केली असती तर ती भांडली असती. पण इथे सगळे तिच्यासाठी झटत होते. लाडू झाले, सुट्टी झाली, आई येऊन बसली. आता नाही म्हणायचं तर कुणाच्या तोंडावर? त्या भिडेपोटी ती उद्या टेबलावर झोपायला निघाली होती. "आनि खरं सांगू?" ती म्हणाली. "हो म्हटलं त्यात निम्मं कारन आरामाचं होतं. लगीन झाल्यापासून दुपारची झोपले नाय मी." एवढं बोलून ती हसायला लागली, आणि हसताहसताच डोळ्यांना पदर लावला.

मी तिला एवढंच सांगितलं की तांबी बसवता येते. ती काही वर्षं चालते आणि नको वाटली तर काढता येते. हे तिला माहीत होतं, पण तांबी वर सरकून काळजाला लागते, असं वाडीत कुणीतरी तिला सांगितलं होतं. तसं होत नाही, पण बाकीचं डॉक्टरीणबाईंना विचार, असं मी म्हटलं. काय ठरवायचं ते तिच्यावर सोडलं. मात्र वहिनीशी मी बोलणार नाही, तूच बोल, हेही स्पष्ट केलं.

वहिनी सकाळच्या पहिल्या एसटीने आली. चहाचा कप तिच्या हातात देऊन सून म्हणाली, "आत्या, मला ऑपरेशन नको. तांबी बसवते." मला वाटलं आता वादळ. वहिनीची पाच बाळंतपणं झाली होती, त्यातली तीन मुलं जगली. सुनेचं तसं होऊ नये म्हणूनच ती ऑपरेशनच्या मागे लागली होती.

वहिनीने बशीत ओतलेला चहा संपवला. मग माझ्याकडे वळली. "वन्सं, हिला तुमी शिकवलंत?"

"नाही," मी म्हटलं. "मलाच काही शिकवता आलं नाही."

"माझ्या येळेला मला कोनी इचारलंच नव्हतं," वहिनी म्हणाली. सुनेकडे न बघता तिने डबा पुढे ओढला आणि एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "खा गो. लाडवाला काय कळतंय, पोट बंद हाय का उघडं." मग भाच्याला फोन लावून सांगितलं की सून आठ दिवस महाडलाच राहील. तो का म्हणून विचारत होता, तर वहिनीने फोन ठेवून दिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून सगळं समजावलं आणि त्याच आठवड्यात तांबी बसवली. माझ्या शेजारणी विचारायला आल्या, ऑपरेशन बरं झालं का? वहिनी दारातच म्हणाली, "झालं म्हनून समजा." सून आत गादीवर झोपली होती.

त्यानंतर त्यांना मूल झालेलं नाही. ताई, ज्याचं त्याने ठरवावं. अडकलेलं मन म्हणजे चुकलेलं मन नव्हे, एवढंच मला तुला सांगायचं होतं.

दरवर्षी झोडणी उरकली की भाचेसून अजूनही आठ दिवस माझ्याकडे येते. तिला दुखत-खुपत काही नसतं. वहिनी स्वतः तिला एसटीत बसवून देते.